घरचं स्वस्त म्हणता? आधी वही दाखवा

२०२५ च्या दिवाळीत पुण्याहून एक खोकं आलं. धाकट्या भावाच्या मुलाने प्रेमाने पाठवलेलं. आत सुतळीने बांधलेल्या कापडी पिशव्या, काचेच्या बरण्या, आणि प्रत्येकीवर सुबक अक्षरात ‘नैसर्गिक’, ‘घरगुती’, ‘हातानं केलेलं’ असं काहीबाही. उटणं होतं, रिठा-शिकेकाईची पूड होती, संत्र्याच्या सालीचं फरशी पुसायचं पाणी होतं, घाण्याचं तेल होतं. आणि सगळ्यात खाली अर्धा किलो तुरीची डाळ. पिशवीवर लिहिलं होतं, ‘विदर्भातली अस्सल गावरान तूर’. किंमत १६५ रुपये. म्हणजे किलोला ३३०.

मी ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. मंडळी, आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. आजही थोरल्या भावाचा मुलगा तिथे शेती करतो आणि सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतो. ती तूर इथून पोत्याने जाते आणि कापडी पिशवीत बसून, सुतळी बांधून, दिवाळीची भेट म्हणून परत येते! मुलीचं लग्न करून द्यावं आणि वर्षाने तिने ओळखच दाखवू नये, तसं झालं.

सौ. म्हणाली, "शिजवून त पाहू." शिजवली. चांगली होती. आमच्याच मातीतली, चांगली का नसेल?

पुण्याच्या मंडळींनी राग मानू नये. भेट देणाऱ्याच्या मनाबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते त्या ‘घरगुती’ या शब्दाबद्दल. सध्या आमच्या नात्यात आणि स्नेह्यांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, सगळं घरी करा, स्वस्त पडतं, शुद्ध असतं, आपल्या आज्या-पणज्या करतच होत्या. दुसरा म्हणतो, वेळ कुणाला आहे, दुकानात मिळतं. मला दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. कारण पस्तीस-चाळीस वर्षं मीही पहिल्या पक्षात होतो, वर्गात मुलांना स्वावलंबनावर निबंध सांगत होतो, आणि त्या काळात घरी एकदाही जात्याच्या खुंट्याला हात लावला नव्हता. (माझी नोकरी अकोला जिल्ह्यात लागली आणि निवृत्ती वाशीम जिल्ह्यात झाली, मधे बदली मात्र झाली नाही. १ जुलै १९९८ ला जिल्हाच नवा झाला! असो.)

दोन्ही पक्षांकडे एक वस्तू नाही. ती म्हणजे वही. कच्चा माल केवढ्याचा, किती घटला, किती माणसांनी किती तास राबून ते तयार झालं, हे कुणी लिहून ठेवत नाही. मी बी.ए. मराठीचा माणूस, गणितात यथातथाच. पण बेरीज-भागाकार येतो. तेवढा पुरतो.

तर तुरीपासून सुरुवात करू.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी गावी गेलो आणि पुतण्याला म्हटलं, यंदाची सगळी तूर बाजार समितीत नेऊ नको, एक क्विंटल मला दे, ज्या भावाने विकशील त्या भावाने. तो हसला. "काकाजी, डाय करत बसाले येळ कोनाले हाये? किराण्यातून आनू ना पाच किलो."

हेच मला ऐकायचं होतं. त्याला त्या वर्षी बारा क्विंटल तूर झाली होती. हमीभाव ७५५० रुपये जाहीर झालेला, आणि व्यापाऱ्याकडचा त्या दिवशीचा भाव ७१००. बारा क्विंटल विकून हा गडी दर महिन्याला त्याच तालुक्याच्या गावातून पाच किलो डाळ विकत आणणार, १४५ रुपयांनी, बहुतेक वेळा उधारीवर. सर्व गाव हेच करतं. सोयाबीन विकून तेलाची पिशवी आणायची, तूर विकून डाळ आणायची, गहू विकून तयार पीठ आणणारेही आता निघाले आहेत.

मी एक क्विंटल घेतलं. शेजारच्या गावात बायकांच्या एका बचत गटाने मिनी दालमिल बसवली आहे, ती पाहून आलो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने अशी छोटी दालमिल तयार केली, ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ म्हणून ती आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. एका खोलीत मावते, दोन बाया चालवतात. पद्धत अशी की पहिल्या फेरीत दाण्याच्या सालीला नुसते ओरखडे पडतात. मग तुरीला तेलाचा हात द्यायचा, उन्हात घालायची, पाणी शिंपडून रात्रभर झाकून ठेवायची, पुन्हा ऊन द्यायचं. साल सैल झाली की दुसऱ्या फेरीत दाणा फुटतो आणि डाळ मोकळी होते. आपल्या आज्या जे करत तेच, फक्त जात्याच्या जागी मोटर.

आता वही. तूर ७१०० रुपये. भरडाई किलोला ८ प्रमाणे ८०० रुपये. ऑटोचं भाडं आणि तेल मिळून २५०. एकूण ८१५०. डाळ निघाली ६९ किलो. चुरी आणि टरफल २४ किलो, ते पुतण्याच्या बैलांना दिलं, किलोला १५ रुपये धरले तर ३६० वजा. राहिले ७७९०. भागिले ६९, म्हणजे किलोला ११३ रुपये.

इथे पहिल्या पक्षाचे लोक टाळ्या वाजवून उठतात. थांबा. तूर निवडायला, उन्हात घालायला, काढायला, राखण करायला मी आणि भावजय असे मिळून तीन दिवसांचा रोज गेला. त्या २०२४-२५ सालात आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तीच धरली. तिनाचे झाले ८९१. ते मिळवा, म्हणजे डाळ पडली १२६ रुपये किलो. किराण्यापेक्षा १९ रुपये कमी. सगळ्या ६९ किलोंवर घरच्या माणसांचा रोज धरूनही तेराशे रुपये सुटले. आणि रोज घरातच राहिला तो वेगळा.

तेराशे रुपये. बस्स. लाखाच्या गोष्टी नाहीत. पण ज्या घरात जूनमध्ये बियाण्याच्या पिशवीसाठी सोन्याची पोत गहाण पडते, त्या घरात तेराशे रुपये म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.

आता जात्याची कथा. हौस म्हणून पाच किलो तूर मी बाजूला काढली होती. आमच्या वाड्यातलं जुनं जातं बाहेर काढलं, टाकी लावून घेतली (टाकी लावणारा माणूस शोधायला चार दिवस गेले, ते हिशेबात धरलेले नाहीत), तूर भिजवून, वाळवून तयार केली, आणि समोरासमोर मी आणि भावजय बसलो. दोन सकाळी मिळून तीन तास लागले. माझ्या तळहाताला फोड. डाळ निघाली तीन किलो, त्यातली बरीच तुकडा. दोघांचे सहा तास, आठ तासांचा रोज २९७ धरला तर २२३ रुपये, म्हणजे किलोला ७४ रुपये नुसती मजुरी. कच्ची तूर किलोला ११८ पडली. एकूण १९२ रुपये किलो! किराण्यापेक्षा ४७ रुपये महाग.

ही आपल्या आज्यांची ‘स्वस्त’ डाळ. ती स्वस्त होती कारण आजीला कुणी रोज देत नव्हतं.

घरी येऊन मी सौ.ला मोठ्या उत्साहाने हा शोध सांगितला. ती मेथी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "तुमच्या मायनं दयलं, म्या दयलं. आमाले काय हे म्हाईत नव्हतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा घरात अकरा माणसं होती, पहाटे चारला जात्यावर बसायचं, आणि डाळीच्या दिवसांत दंड रात्रीपर्यंत ठणकायचे. मी तेव्हा त्याच घरात होतो. पहाटे जात्याची घरघर ऐकून कूस बदलून पुन्हा झोपत होतो. पुढे वर्गात जात्यावरच्या ओव्या शिकवताना माझा गळा भरून यायचा, आणि त्या ओव्यांत बायका सासर, थकवा आणि एकटेपणाच सांगत असतात हेही मी फळ्यावर लिहून देत असे. पण आपल्या ओसरीवर बसलेल्या बाईशी त्याचा काही संबंध आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. आता तिचे गुडघे गेले आहेत. मनगट दुखतं. डॉक्टर वयाचं कारण सांगतात.

म्हणून म्हणतो, जात्याची भक्ती करणाऱ्यांनी आधी चार किलो दळून यावं, मग बोलावं. भ्रमणध्वनीवर जात्याचा फोटो पाठवून "आरोग्याचा खजिना" लिहिणाऱ्यात बायका फार थोड्या असतात, हेही मी मोजलं आहे. आमच्या नातेवाइकांच्या गटात तर एकही नाही.

मग गांधीजी काय म्हणत होते, असं कुणी विचारील. विचारलंच पाहिजे, कारण हा वाद आपल्या विदर्भातच झालेला आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत पडलं. जमनालाल बजाजांनी बाग दिली, जे. सी. कुमारप्पांनी काम उचललं. हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, घाण्याचं तेल, गूळ, हातकागद, मधमाश्या... आज ज्याला कापडी पिशवीत घालून ३३० रुपयांना विकतात तो सगळा माल तिथे नव्वद वर्षांपूर्वी अभ्यासाला घेतला होता. पण तिथला प्रश्न वेगळा होता. खेड्यात पिकलेल्या मालावर खेड्यातच प्रक्रिया व्हावी, म्हणजे रोजगार आणि सत्त्व दोन्ही खेड्यात राहील, हा. शहरातल्या दिवाणखान्यात बरणी शोभून दिसावी हा नव्हे. आणि दुसरी गोष्ट, आश्रमात दळणं हे बायकांचं काम मानलेलं नव्हतं. गांधीजी स्वतः दळत, विनोबाही दळत. गांधीजींनी यंत्रांवर एवढी टीका केली, पण सिंगरच्या शिलाई यंत्राला त्यांनी सूट दिली होती, कारण त्याने माणसाचे कष्ट हलके होतात. मला वाटतं बचत गटाची दालमिल पाहून ते नाराज झाले नसते. हे माझं मत, कुणावर लादत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, "दुकानात मिळतं" वाल्यांकडे.

दुकानात मिळतं खरं. पण कोणत्या भावाने मिळेल हे दुकानदाराच्याही हातात नसतं. आठवून पाहा. २०१५ च्या ऑक्टोबरात शहरांत तुरीची डाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती. वरण पातळ झालं होतं घराघरांत, काहींनी तर मसुरीवर दिवस काढले. लगेच पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला काय झालं? हमीभाव बोनस धरून ५०५०, आणि बाजारात चार हजाराच्या खाली. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, रात्री पोत्यावर झोपलेले शेतकरी. आमचा पुतण्याही त्या रांगेत होता, अकरा दिवस. मी त्याला डबा घेऊन गेलो होतो. डब्यात वरण-भात होता आणि ती डाळ मी किराण्यातून आणलेली होती. दोघांच्याही लक्षात आलं, दोघेही बोललो नाही.

२०१५ ला ज्याच्या कणगीत वर्षाची डाळ होती त्याला दोनशेचा भाव वर्तमानपत्रात वाचायला मिळाला, एवढंच. आणि २०१७ ला ज्याने एखादं क्विंटल घरी ठेवलं असतं त्याला निदान तेवढं तरी पडत्या भावात विकावं लागलं नसतं. घरची डाळ म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. २०२५-२६ साठी हमीभाव ८००० जाहीर झाला, चांगलंच आहे, पण जाहीर होणं आणि हातात पडणं यातलं अंतर आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

पुतण्याचं म्हणणंही मांडलं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. तो म्हणतो, "काकाजी, कृषी केंद्राची उधारी जानेवारीत मागतात. तूर ठेवली त उधारी कशी फेडू?" हे खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बारा क्विंटल ठेव असं मी म्हणतच नाही. बारातलं एक ठेव. एकाने त्याची उधारी अडत नाही, हे आम्ही दोघांनी बसून वहीवर पाहिलं.

तेलाचं तसं सोपं नाही, आणि इथे मला आमच्याच पक्षातल्या भाबड्या लोकांना थोडं दुखवावं लागणार. आमचा जिल्हा सोयाबीनचा. तेव्हा घरोघरी सोयाबीनचं तेल काढा, असं एका स्नेह्यांनी सुचवलं. नाही हो जमत! सोयाबीनमध्ये तेल वजनाच्या अठरा-वीस टक्के, तेही घाण्यावर धड निघत नाही, कारखान्यात द्रावक वापरून काढावं लागतं. आमच्या लहानपणी घाण्याचं तेल होतं कारण शेतात करडी, जवस, तीळ होते. करडीच्या तीन-साडेतीन किलोला किलोभर तेल निघे. ती करडी गेली, कारण तिला काटे, काढायला माणूस मिळेना, आणि सोयाबीनने रोख पैसा दिला. म्हणजे घाणा मेला तो आपण आळशी झालो म्हणून नव्हे, धुऱ्याच्या आतलं पीक बदललं म्हणून. ज्याला घाण्याचं तेल हवं त्याने आधी रब्बीत दहा-वीस गुंठे करडी पेरायला हवी. ते न करता साडेतीनशे रुपयांची बाटली आणून "आम्ही मुळांकडे वळलो" म्हणणं म्हणजे... जाऊ द्या.

डाळीपेक्षा जास्त गोंधळ आहे तो साफसफाईच्या वस्तूंचा. भ्रमणध्वनीवर रोज एक कृती येते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा, फेस येतो, सगळं स्वच्छ! माझे एक जुने सहकारी विज्ञान शिकवत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "गुरुजी, फेस येतो म्हणजे दोघं एकमेकांना मारतात. उरतं ते खारट पाणी." सोडा वेगळा वापरा, घासायला बरा आहे. व्हिनेगर वेगळं वापरा, नळावरचे क्षारांचे पांढरे डाग जातात. दोन्ही विकत आणून एकत्र ओतणं म्हणजे दोन्ही मोरीत टाकणं. आणि ब्लिचिंग पावडरमध्ये व्हिनेगर किंवा संडासचं अ‍ॅसिड कधीही, कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. नैसर्गिकच्या नादात एवढं विसरू नये. कॉस्टिक सोडा आणून घरी साबण करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं, घरात लहान मूल असेल तर तो खेळ नकोच.

दुसरी कृती राखेची. भांडी राखेने घासा म्हणे. अहो, राख आणायची कुठून? चूल गेली, गॅस आला, आणि देवाची कृपा की आला. सौ.च्या खोकल्याची निम्मी गोष्ट त्या चुलीच्या धुरात आहे. राखेसाठी पुन्हा चूल पेटवा म्हणणाऱ्याने आधी फुंकणी हातात घ्यावी.

संत्र्याच्या सालींचं पाणी मात्र मी करतो, कबूल. मंगरुळपीर, कारंजा भागात संत्र्याच्या बागा आहेत, हंगामात साली कितीही मिळतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिल्या वेळी मी बाटली घट्ट बंद करून कोठीच्या खोलीत ठेवली. आंबताना आत वायू होतो हे लिहिणाऱ्याने लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. (आयुष्यभर पोरांना "प्रश्न नीट वाचा" सांगणारा मी.) अठराव्या दिवशी दुपारी गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. साली छताला चिकटल्या आणि सौ.च्या लोणच्याच्या बरणीवर गुळाचं पाणी. तिने मला काही म्हटलं नाही. फक्त तीन दिवस माझ्या पानात लोणचं वाढलं नाही. आता पहिला महिनाभर रोज झाकण सैल करतो, आणि बाटली अंगणात असते. वीस-बावीस रुपयांच्या गुळात तीनेक लिटर होतं, फरशीला वास छान येतो, चिकट डाग निघतात. जंतू मरतात असा दावा मी करत नाही. आजारी माणसाच्या खोलीत आम्ही फिनाइलच वापरतो.

रिठ्याचंही तसंच. खोक्यातली पूड शंभर ग्रॅमला २१० रुपये होती. मी काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो रिठे, पाव किलो शिकेकाई, पाव किलो आवळकाठी आणली, २०० रुपयांत. रिठ्याच्या बिया फोडून काढायच्या, ते काम मी रेडिओ ऐकत करतो. मिक्सरमधून काढलं, चाळलं. बिया आणि गाळ गेला तरी अर्धा किलोच्या वर पूड. यात मात्र घरचं स्वस्त आहे हे मी वहीसकट सांगतो. डोळ्यांत गेली तर फार झोंबते, नातवंडांना जपून. रिठ्याच्या पाण्याने सौ.ची लोकरीची शाल आणि देवाची चांदीची भांडी निघतात. सोनारही हेच वापरत.

कुरडया-पापडांचं मी बोलत नाही. ते हौसेचं खातं आहे, त्यात हिशेब आणला तर मला घरात जेवायला मिळणार नाही. एवढंच सांगतो, १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या, त्याचं पुढे लिज्जत झालं. पापड तोच, जो त्या घरी वर्षानुवर्षं फुकट लाटत होत्या. फरक इतकाच पडला की लाटण्याचे पैसे मिळायला लागले. आमच्या शेजारच्या गावातल्या दालमिलवरच्या बाया मला त्यांच्याच वंशातल्या वाटतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा एकीने मला ओळखलं. माझी विद्यार्थिनी, सातवीतून शाळा सुटलेली. पावती फाडून देताना म्हणाली, "गुरुजी, हिशेब बरोबर हाय ना? पाहून घ्या." पाहिला. बरोबर होता. शंभर किलोंची भरडाई ८०० रुपये. मी सुट्टे नाहीत म्हणून हजाराची रक्कम दिली तर तिने दोनशे मोजून परत केले.

पुण्याच्या पुतण्याला मी फोन केला होता. म्हटलं, तुझी डाळ छान होती, पण पुढच्या वेळी ३३० रुपये किलो देऊ नको, त्यातले तूर पिकवणाऱ्याला किती आणि भरडणारीला किती मिळाले हे त्या पिशवीवर लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "काका, पण क्वालिटी?" मी म्हटलं, पिशवी कापडी आहे बाबा, डाळ तुझ्या चुलतभावाच्या शेतासारख्याच शेतातली आहे. तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "मग तुम्हीच पाठवाल का?"

पाठवीन. ठरलं आहे ते असं. गावच्या पुतण्याने येत्या हंगामात तीन क्विंटल बाजूला ठेवायचं कबूल केलं आहे, एक स्वतःच्या घरासाठी आणि दोन नातेवाइकांसाठी, ज्या दिवशी डाळ करू त्या दिवशीच्या बाजारभावाने, निम्मे पैसे जानेवारीत आगाऊ, म्हणजे त्याची उधारीही भागेल. भरडाई दालमिलच्या बायांना त्यांच्या दराने, घासाघीस करायची नाही. निवडणं आणि ऊन देणं हे आपलं आपण, आणि त्यासाठी ज्यांना डाळ हवी आहे त्या घरांतल्या पुरुषांनी एक शनिवार-रविवार गावी यायचं आहे. भावजय आणि सौ. खुर्चीवर बसून देखरेख करतील, असं सौ.नेच जाहीर केलं आहे. मुक्काम वाड्यात. सतरंज्या आहेत, पांघरूण आपापलं आणा, फेब्रुवारीत पहाटे थंडी असते.

डाळ साठवायला डबे आपले आणा. एरंडेलाचा हात लावून देऊ, पावसाळाभर कीड लागत नाही. किती किलो हवी ते संक्रांतीच्या आत कळवावं, मी वहीत नावं लिहायला घेतली आहेत. सध्या चार आहेत.